गिटार कधी शिकलाच नाही, पण त्याच्या फर्म्यांमुळे जगभर गिटार बनायला लागली

एखाद्याकडे १९५० च्या दशकातली जुनी फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटार विकायला आली, तर जाणकार माणूस ती वाजवून बघत बसत नाही. तो आधी स्क्रू ड्रायव्हर घेतो. तारा काढतो, वरचं प्लास्टिकचं कव्हर उघडतो आणि लाकडात बारीक खिळ्यांची भोकं शोधायला लागतो.

ठरलेल्या जागी ती भोकं सापडली, की खरेदीदाराचा जीव भांड्यात पडतो. नाही सापडली, तर लाखो रुपयांचा सौदा तिथेच अडतो.

आता खिळ्यांच्या भोकांचं एवढं काय कौतुक?

कारण ती भोकं म्हणजे कारखान्याने ठेवलेली खूण आहे. रंग मारताना गिटारचं लाकूड टेबलाला चिकटू नये म्हणून त्याला चार खिळे ठोकले जायचे. त्या खिळ्यांवर लाकूड पाय असल्यासारखं उभं राहायचं, रंग वाळायचा, मग खिळे उपटले जायचे. एकदम साधा जुगाड. पण हा जुगाड ज्या कारखान्यात चालायचा, तिथे गिटार बनवण्याची अख्खी पद्धतच अशा छोट्या छोट्या युक्त्यांवर उभी होती.

तो कारखाना उभा करणाऱ्या माणसाचं नाव लिओ फेंडर. आणि त्याला गिटार वाजवता येत नव्हती.

संत्र्यांच्या बागेतला पोरगा

लिओचं पूर्ण नाव क्लॅरेन्स लिओनायडस फेंडर. जन्म १० ऑगस्ट १९०९ चा, अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात. आईवडिलांची ॲनाहाइम आणि फुलर्टन या गावांच्या मधोमध संत्र्यांची बाग होती.

लिओ ८ वर्षांचा असताना त्याच्या डाव्या डोळ्यात गाठ झाली. डोळा काढावा लागला आणि त्या जागी काचेचा डोळा बसवला गेला. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्याला सैन्यात जावं लागलं नाही, त्याचं कारण हा डोळा.

त्याच्या एका मामांचं मोटारींच्या विजेच्या कामाचं दुकान होतं. त्यांनी लिओला गाडीच्या रेडिओचे जुने सुटे भाग आणि एक बॅटरी पाठवून दिली. पुढे मामांच्या दुकानाबाहेर त्याने एक घरी बनवलेला रेडिओ मोठ्याने वाजताना पाहिला आणि गडी जो वेडा झाला तो कायमचाच. शाळेत असतानाच तो लोकांचे रेडिओ दुरुस्त करून द्यायला लागला.

संगीताचं म्हणाल तर लहानपणी थोडा पियानो आणि मग सॅक्सोफोन. गिटार कधीच नाही.

शिक्षण मात्र त्याने घेतलं हिशेबाचं. नोकऱ्याही तशाच केल्या. बर्फाच्या कंपनीत हिशेब लिहिले, सरकारी रस्ते खात्यात काम केलं, मग टायरच्या कंपनीत. तो काळ होता जागतिक मंदीचा. एकामागून एक नोकऱ्या गेल्या.

शेवटी १९३८ साली लिओने ६०० डॉलर कर्ज काढलं आणि फुलर्टनमध्ये रेडिओ दुरुस्तीचं दुकान टाकलं. नाव ठेवलं फेंडर रेडिओ सर्व्हिस.

दुरुस्तीवाल्याची नजर

या दुकानात रेडिओ यायचे, रेकॉर्ड प्लेयर यायचे, आणि वाद्यं वाजवणारे लोकही यायचे. कुणाचा ॲम्प्लिफायर खरखरतोय, कुणाच्या गिटारचा आवाज बँडमध्ये ऐकूच येत नाही. लिओ उघडून बघायचा आणि बिघाड शोधायचा.

दुरुस्ती करणाऱ्या माणसाला वस्तू वेगळी दिसते. ती किती सुंदर आहे यापेक्षा ती कुठे बिघडते, उघडायला किती त्रास देते आणि सुटा भाग बदलता येतो की नाही, हे त्याला आधी दिसतं.

त्या काळच्या गिटारी या बाबतीत फारच त्रासदायक होत्या. आतून पोकळ. वरची फळी कोरून बाक दिलेली, बाजूच्या पातळ पट्ट्या वाकवून बसवलेल्या, आणि नेक, म्हणजे जिथे डाव्या हाताची बोटं फिरतात तो दांडा, सांधा करून सरसाने कायमचा चिकटवलेला. तो वाकला की ती गिटार हातखंडा कारागिराकडे न्यायची आणि वाट बघत बसायचं.

वर आणखी एक भानगड होती. पोकळ गिटार विजेच्या स्पीकरसमोर मोठ्या आवाजात वाजवली की ती स्वतःच घुमायला लागायची आणि कानठळ्या बसवणारी शिट्टी सुरू व्हायची.

लिओने डॉक कॉफमन या वादकासोबत १९४५ मध्ये के अँड एफ नावाची कंपनी काढली. मांडीवर ठेवून वाजवायच्या स्टील गिटारी आणि ॲम्प्लिफायर ते बनवायचे. वर्षभरात कॉफमन बाहेर पडला आणि लिओने आपल्याच आडनावाची कंपनी सुरू केली. १९४८ मध्ये जॉर्ज फुलर्टन नावाचा तरुण त्याला येऊन मिळाला. गावाचं नाव आणि याचं आडनाव सारखं, हा निव्वळ योगायोग.

या दोघांनी १९४९ मध्ये एक नमुना बनवला. पाइनच्या लाकडाची भरीव फळी, तिला स्क्रूने जोडलेला नेक. कोरीव काम नाही, बाक नाही.

भरीव लाकडाची गिटार ही काही लिओची एकट्याची कल्पना नव्हती. पॉल बिग्सबी नावाच्या कारागिराने १९४८ मध्येच मर्ल ट्रॅव्हिस या गायकासाठी तशी गिटार बनवली होती. पण ती एका माणसासाठी हाताने बनवलेली एक गिटार होती. तशीच दुसरी हवी असेल तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

लिओने प्रश्नच वेगळा विचारला. ज्याने आयुष्यात कधी वाद्य बनवलं नाही, अशा कामगाराकडून तीच गिटार शंभर वेळा तंतोतंत कशी बनवून घ्यायची?

या प्रश्नाचं उत्तर म्हणजे जिग.

जिग म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे कारखान्यात काम करणाऱ्या फिटर-टर्नर मंडळींना हा शब्द नवीन नाही. काम पक्कं धरून ठेवणारी आणि हत्याराला वाट दाखवणारी चौकट म्हणजे जिग. सुतार याच कामासाठी फर्मा वापरतो. प्रत्येक वेळी पट्टी-पेन्सिल घेऊन मापं काढायची नाहीत. एकदाच डोकं लावून फर्मा अचूक बनवायचा, मग तो प्रत्येक लाकडावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने कापत जायचं.

म्हणजे अचूकपणा माणसाच्या हातात राहत नाही, तो फर्म्यात जाऊन बसतो.

गिटारमध्ये हे का महत्त्वाचं, ते एका उदाहरणावरून कळेल.

नेकवर धातूच्या आडव्या बारीक पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. फेंडरच्या गिटारवर तारेची मोकळी लांबी साडेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर ठेवली होती. या मापाला पहिला फ्रेट तारेच्या सुरुवातीपासून साधारण ३६.४ मिलिमीटरवर येतो. पुढचं अंतर ३४.३ च्या आसपास. असं प्रत्येक अंतर आधीच्यापेक्षा थोडं कमी होत जातं आणि बारावा फ्रेट बरोबर मध्यावर बसतो.

यात एखादी खाच मिलिमीटरभर जरी सरकली, तरी त्या जागचा सूर कायमचा बेसूर. मग वादक कितीही कसलेला असो. आणि अशा वीसेक खाचा हाताने मोजून पाडायच्या म्हटलं तर चुकायला वीस संधी. जिग एकदा बरोबर बनला, तर चुकायची संधी एकदाच, जिग बनवताना.

बॉडीचंही तसंच. फळी आधी बाहेरच्या आकारात कापायची. मग तिच्यावर फर्मा पक्का बसवायचा आणि गरगर फिरणाऱ्या कटरचं मशीन, ज्याला राउटर म्हणतात, ते फर्म्याच्या कडेकडेने फिरवायचं. नेक बसायची खाच, पिकअपचे खड्डे, वायरिंगची जागा, सगळं दर वेळी त्याच ठिकाणी, त्याच खोलीचं.

फर्मा हलू नये म्हणून लाकडात छोटी भोकं पाडावी लागायची. ती नंतर बुजवली जायची किंवा धातूच्या पट्टीखाली झाकली जातील अशा बेताने पाडलेली असायची. जुनी गिटार पारखणारे आज खिळ्यांच्या भोकांबरोबर हीही भोकं तपासतात.

नेक तर लिओने चिकटवलाच नाही. खाचेत बसवला, मागे चौकोनी पत्रा लावला आणि चार स्क्रू पिळले. काम झालं. खराब झाला की चार स्क्रू काढा, दुसरा नेक बसवा. ही सोय तेव्हाच शक्य होती, जेव्हा कुठलाही नेक कुठल्याही बॉडीच्या खाचेत घट्ट बसेल. म्हणजे पुन्हा सगळी भिस्त जिगवरच.

फ्रेट बसवायचीही त्यांची तऱ्हा न्यारी होती. बाकीचे लोक फ्रेट वरून हातोडीने ठोकायचे. फेंडरच्या कारखान्यात अनेक वर्षं फ्रेट बाजूने खाचेत सरकवले जायचे. आजही जुन्या फेंडरचे फ्रेट बदलताना कारागीर ते वर न उपटता आडवे सरकवून काढतात. वर उपटले तर लाकडाचे टवके निघतात.

लोक हसले, आणि पहिली चूकही झाली

१९५० मध्ये ही गिटार बाजारात आली. पहिलं नाव एस्क्वायर. मोठ्या कंपन्यांनी आणि व्यापाऱ्यांनी तिची टिंगल केली. कुणी तिला बर्फ उपसायचं फावडं म्हणालं, कुणी होडीचं वल्हं. पिढ्यान् पिढ्या लाकूड कोरणाऱ्यांना ही स्क्रू पिळलेली फळी म्हणजे वाद्याचा अपमानच वाटला असणार.

गंमत म्हणजे त्यांच्याकडेही साचे आणि यंत्रं होतीच. फरक एवढाच, की ते आधी गिटार ठरवायचे आणि मग ती बनवायला साचे शोधायचे. लिओने गिटारच अशी आखली, की ती जिगवर बनावी.

पण त्यात एक चूक राहून गेली. मेपलचं लाकूड एवढं कडक आहे की आत लोखंडी सळईची गरज नाही, असं लिओचं मत होतं. तारांचा ताण पडल्यावर काही नेक वाकले आणि तक्रारी आल्या. जिगवर बनवलेल्या मालात चूक झाली की ती एकाच नगात राहत नाही, सगळ्या लॉटमध्ये जाते.

लिओने हट्ट सोडला. नेकच्या मागून खाच पाडून त्यात सळई घातली आणि वरून गडद अक्रोडाच्या लाकडाची पट्टी बसवून खाच बंद केली. फेंडरच्या मेपल नेकच्या पाठीवर दिसणारी ती काळपट रेघ सजावटीची नाही. ती या दुरुस्तीची खूण आहे.

दोन पिकअपच्या गिटारला ब्रॉडकास्टर नाव दिलं, तर १९५१ च्या सुरुवातीला ग्रेच कंपनीने हरकत घेतली, कारण त्यांचे ड्रम त्याच नावाने विकले जात होते. नवीन नाव ठरेपर्यंत कारखान्यात काय केलं? छापून ठेवलेल्या स्टिकरवरून ब्रॉडकास्टर हा शब्द कात्रीने कापून टाकला आणि नुसतं फेंडर लिहिलेल्या गिटारी विकल्या. वाया काही घालवायचं नाही. पुढे टीव्हीच्या जमान्याला शोभेल असं नाव मिळालं, टेलिकास्टर.

१९५१ मध्येच प्रिसिजन बास आली. त्याआधी बँडमधला बास वाजवणारा माणूसभर उंचीचं वाद्य घेऊन फिरायचा आणि त्यावर फ्रेटही नसायचे, सूर अंदाजाने शोधायचा. लिओने बासलाही फ्रेट दिले. नेमक्या जागी नेमका सूर, म्हणून नाव प्रिसिजन.

आणि १९५४ मध्ये आली स्ट्रॅटोकास्टर. टेलिकास्टरच्या चौकोनी कडा बरगड्यांना आणि हाताला टोचतात अशी वादकांची तक्रार होती. लिओने ती ऐकली आणि कडा उतरवून घेतल्या. स्वतःला वाजवता येत नसल्यामुळे त्याला वाजवणाऱ्यांचं ऐकावंच लागायचं. तो नमुने बनवून वादकांच्या हातात द्यायचा, ते कार्यक्रमात वाजवायचे आणि परत येऊन काय खटकलं ते सांगायचे.

तरीही हात उरलाच

कारखाना वाढला. स्थानिक बायका आणि पुरुष कामाला लागले. त्यात मेक्सिकन वंशाचे कामगार बरेच होते. वाद्य बनवायचा अनुभव नसलेली ही माणसं जिगच्या जोरावर जगातल्या सर्वोत्तम वादकांची वाद्यं बनवायला लागली. बडी हॉली, पुढे जिमी हेंड्रिक्स, सगळे यांच्याच हातच्या गिटारी वाजवत होते.

पण सगळं काम जिगने होत नव्हतं. नेकची पाठ शेवटी माणूसच घासायचा, बेल्ट सँडरवर धरून, तळहाताच्या अंदाजाने. म्हणून त्या काळातल्या दोन गिटारींची बॉडी सारखी असली, तरी नेकची जाडी सारखी असेलच असं नाही. काही कामगार नेकच्या टोकाला, खाचेत झाकल्या जाणाऱ्या जागी, पेन्सिलने तारीख आणि आपल्या नावाची आद्याक्षरं लिहायचे. आज संग्राहक ती आद्याक्षरं ओळखतात आणि अमक्याच्या हातचा नेक म्हणून जादा किंमत मोजतात.

ज्या कारखान्यात कामगाराच्या हाताचा फरक पडू नये म्हणून एवढी खटपट केली, तिथल्या मालाची किंमत आज कामगाराच्या हातामुळे वाढते.

कंपनी गेली, नावही गेलं

१९५० च्या दशकाच्या मध्यापासून लिओला सायनसच्या संसर्गाने पछाडलं होतं. काही केल्या तो बरा होईना. आपण फार दिवस जगणार नाही, असं त्याला वाटायला लागलं. जानेवारी १९६५ मध्ये त्याने कंपनी सीबीएस या बड्या प्रसारण कंपनीला १ कोटी ३० लाख डॉलरला विकली.

ही रक्कम किती मोठी होती? आधीच्याच वर्षी सीबीएसने न्यूयॉर्क यँकीज या प्रसिद्ध बेसबॉल संघाची ८० टक्के मालकी १ कोटी १२ लाख डॉलरला घेतली होती.

आणि मग लिओ बरा झाला. डॉक्टर बदलला, औषध बदललं आणि वर्षानुवर्षांचा आजार गेला.

पण आता उशीर झाला होता. करारानुसार १० वर्षं त्याला स्वतःच्या नावाने या धंद्यात उतरता येणार नव्हतं. कारखाना, यंत्रं, सगळे फर्मे आणि त्याचं स्वतःचं आडनावसुद्धा आता दुसऱ्याचं होतं.

जिगचं एक आहे. तो बनवणाऱ्याशिवायही चालतो. लिओ नसतानाही गिटारी बनत राहिल्या, उलट जास्तच बनल्या. पण १९७० च्या दशकात तक्रारी यायला लागल्या. गिटारी जड झाल्या, नेक आणि खाच यांच्यात फट दिसायला लागली. जिग माप धरून ठेवतो, पण तो स्वतः झिजतो. कटर बोथट होतं. हे वेळीच ओळखणारा आणि माल थांबवणारा माणूस लागतो. तो नसेल, तर जिग चुकीचं कामही तेवढ्याच इमानाने शेकड्याने करतो.

१९८५ मध्ये सीबीएसने कंपनी तिथल्याच अधिकाऱ्यांच्या गटाला विकून टाकली. त्यांनी कोरोना या गावात नव्याने कारखाना उभा केला आणि कंपनी सावरली.

शेवटपर्यंत बाकावर

लिओ मात्र परत कामाला लागला होता. १९७० च्या दशकात त्याने म्युझिक मॅन कंपनीसाठी वाद्यं आखली. तिथली १९७६ ची स्टिंगरे बास आजही बनते. मग १९७९ च्या सुमारास जुना साथीदार जॉर्ज फुलर्टनबरोबर जी अँड एल सुरू केली, म्हणजे जॉर्ज आणि लिओ. आपलं आडनाव वापरता येत नव्हतं, म्हणून पहिल्या नावातलं अक्षर घेतलं.

सत्तरी ओलांडलेला, गडगंज श्रीमंत माणूस पुन्हा पिकअप आणि ब्रिज जुळवत बसला. नंतर पार्किन्सन जडला, तरी तो कारखान्यात यायचा थांबला नाही.

२१ मार्च १९९१ रोजी लिओ फेंडरचं निधन झालं. पुढच्या वर्षी रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव गेलं. गिटार न वाजवणारा माणूस, जगातल्या सगळ्यात मोठ्या गिटारवादकांच्या यादीत.

आज जगात कुठेही कुणी हौसेने घरी पहिली इलेक्ट्रिक गिटार बनवायला घेतली, तर बऱ्याचदा तो टेलिकास्टरसारखी बनवतो. एमडीएफच्या तुकड्यातून फर्मा कापायचा, तो फळीवर बसवायचा, राउटर फिरवायचा, चार स्क्रूने नेक जोडायचा. ना लाकूड वाकवावं लागतं, ना बाक कोरावा लागतो. हा आकार फक्त आपलाच म्हणून नोंदवायचा प्रयत्न फेंडर कंपनीने केला होता. पण २००९ मध्ये अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने तो फेटाळला, कारण इतकी वर्षं इतके लोक तो बनवत आले, की तो एका कंपनीची ओळख उरला नव्हता.

घरी फर्मा कापणारा प्रत्येक नवशिका एक गोष्ट पहिल्याच दिवशी शिकतो. फर्म्यात राहिलेला खड्डा किंवा उंचवटा प्रत्येक गिटारमध्ये उतरणार. म्हणून गिटार बनवायला दोन दिवस लागले तरी चालतील, फर्मा घासायला आठवडा द्यायचा.

फुलर्टनच्या दुरुस्ती दुकानातल्या माणसाने हेच केलं होतं.